'सहव्याधी' : एका संज्ञेची समीक्षा

इंग्रजी 'कोमॉर्बिडिटी' या शब्दाचा पर्याय म्हणून 'सहव्याधी' हा शब्द मराठीत आता स्थिरावला आहे. इ. स. २०२० च्या करोना साथीत वृत्तपत्रांच्या स्तंभांतून तो घरोघरी पोचला आणि साथ ओसरल्यावरही टिकून राहिला. बनवलेले पारिभाषिक शब्द बहुधा कोशातच राहतात, हा मराठीचा नेहमीचा अनुभव; त्या दृष्टीने हे भाग्य थोड्याच शब्दांच्या वाट्याला येते. शब्द सुटसुटीत आहे, संस्कृत घडणीला धरून आहे, आणि 'व्याधी' हे मराठीत स्त्रीलिंगी झालेले नाम त्यात आपले मराठी लिंग राखून आहे. येथे आक्षेप आहे तो शब्दाच्या घडणीवर नव्हे. तो ज्या वाक्यात बसवला जातो त्या वाक्याच्या रचनेवर आहे. आणि ही रचना सर्वांत अधिक कोणाला बाधते, असे विचारले तर उत्तर एकच येते : पडून जखमी झालेल्या वृद्धाला.

शब्दाची मूळ कुळकथा पाहिली म्हणजे ही बाधा कोठून येते ते कळते. अमेरिकन वैद्यकशास्त्रज्ञ ॲल्व्हन फाइनस्टाइन यांनी इ. स. १९७० मध्ये 'कोमॉर्बिडिटी' ही संज्ञा मांडली. त्यांचा प्रश्न संशोधनाचा होता. एका रोगाचा अभ्यास चालू असताना त्याच रुग्णाला जडलेल्या अन्य रोगांचा हिशेब न ठेवल्यास उपचारांची तुलना फसवी ठरते, हे त्यांना दाखवावयाचे होते. त्यासाठी अभ्यासाधीन रोगाला त्यांनी 'इंडेक्स डिसीज' म्हटले. मराठीत 'निर्देशरोग' म्हणता येईल. इतर जे काही असेल ते त्याच्या संदर्भात 'सह'. म्हणजे कोणता रोग मुख्य आणि कोणता सोबतचा, हे रुग्णाच्या देहावरून ठरत नसून अभ्यासकाच्या विषयावरून ठरत होते. मधुमेहाच्या अभ्यासकाला हृद्रोग हा सह, हृद्रोगाच्या अभ्यासकाला मधुमेह सह. संशोधनाच्या सोयीची ही मांडणी होती आणि त्या मर्यादेत ती निर्दोष होती. पुढे इ. स. १९८७ मध्ये मेरी चार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ व्याधींना १ ते ६ असे भार देऊन वर्षभरातील मृत्यूचा अंदाज वर्तविणारा निर्देशांक तयार केला, आणि 'सह' या उपसर्गाला गणिताचे बळ मिळाले. त्या यादीत स्मृतिभ्रंश आहे, हृदयविकार आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे. हाडांचा ठिसूळपणा नाही, दृष्टिमांद्य नाही, वारंवार तोल जाणे नाही. मृत्यूचा अंदाज बांधण्यासाठी केलेल्या यादीत त्या नसणे समजण्यासारखे आहे. मात्र हीच यादी वृद्धाच्या 'सर्व' आजारांची यादी म्हणून वाचली जाऊ लागली की जे आजार माणसाला पाडतात आणि पडल्यावर मोडतात, तेच नेमके गळतात.

मराठीत 'सह' हा उपसर्ग दोन घराण्यांतून येतो. 'सहोदर', 'सहाध्यायी', 'सहप्रवासी' या शब्दांतील संबंध दुहेरी आहे. अ हा ब चा सहाध्यायी असेल तर ब हा अ चा असतोच. 'सहसचिव', 'सहसंपादक', 'सहआयुक्त' यांतील 'सह' निराळा. तेथे एक खुर्ची वरची आहे आणि दुसरी तिच्या बाजूला पण किंचित खाली मांडली आहे. निमंत्रणपत्रिकेतील 'सहकुटुंब, सहपरिवार' हाही याच बाजूचा. निमंत्रण एकाला असते, बाकीचे त्याच्याबरोबर येतात. 'सहव्याधी' हा शब्द ऐकताना पहिल्या घराण्यातला वाटतो, वापरात मात्र तो दुसऱ्या घराण्यातला आहे. आणि जखमी वृद्धाच्या बाबतीत वरची खुर्ची कोणाला मिळते हे आधीच ठरलेले असते. दुखापत उघड दिसते, क्ष-किरण चित्रात उमटते, तिच्यासाठी माणूस रुग्णालयात आलेला असतो. म्हणून मोडलेला खुबा हे विशेष्य होते आणि पंचवीस वर्षांचा मधुमेह, अर्धवट काम करणारे हृदय, पातळ झालेली हाडे ही त्याची विशेषणे होतात.

भारतीय रुग्णालयातील केसपेपर या दृष्टीने वाचण्यासारखा असतो. त्याचे पहिले वाक्य जवळजवळ साचेबंद आहे : वय, लिंग, मग 'के सी ओ' ही तीन अक्षरे, म्हणजे 'नोन केस ऑफ', त्यापुढे मधुमेह-रक्तदाबाची लघुरूपे, आणि शेवटी 'घरात पडून खुब्याला मार'. 'नोन' या शब्दाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जे ज्ञात आहे ते विचारण्याची गरज संपली, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. मधुमेह 'ज्ञात' आहे; पण आज सकाळी गोळी घेतली होती का, जेवण झाले होते का, पडण्यापूर्वी घाम फुटला होता का, हे ज्ञात नसते. विधेयाच्या जागी असावयास हवी ती माहिती उद्देश्याच्या उपाधीत बंद होते, आणि वाक्य पुढे सरकते.

पडण्याच्या कारणाविषयीची नोंदही अशीच पाहण्यासारखी आहे. इंग्रजी केसपेपरात 'मेकॅनिकल फॉल' असे लिहिण्याची प्रथा आहे. पाय घसरला किंवा ठेच लागली, मूर्च्छा आली नव्हती, इतकेच त्यातून सांगावयाचे असते. या शब्दप्रयोगावर वैद्यकीय नियतकालिकांतूनही टीका झाली आहे, आणि ती योग्य आहे. कारण 'यांत्रिक' म्हटल्यावर शोध थांबतो. पण ही नोंद उगवते कोठून? बहुधा एका प्रश्नोत्तरातून. 'आजी, कशा पडलात?' 'पाय घसरला हो.' या उत्तराचा कर्ता पाय आहे. मराठीत यापेक्षा निराळे सांगावयाचे तर रचना बदलावी लागते : 'मला चक्कर आली', 'डोळ्यांपुढे अंधारी आली'. येथे अनुभवणारी व्यक्ती 'मला' अशी येते, कर्तृत्व चक्करेकडे जाते, आणि आपण आजारी आहोत अशी कबुली आपोआप दिली जाते. पाय घसरणे हा अपघात; चक्कर येणे हा आजार. सून आणि मुलगा शेजारी उभे असताना आजींनी पहिले वाक्य पसंत करावे यात नवल नाही. दुसऱ्या वाक्याने त्यांचे एकटीने न्हाणीघरात जाणे, कदाचित एकटीने राहणेही बंद होण्याचा संभव असतो.

म्हणून 'कशा पडलात' या प्रश्नापेक्षा अधिक बारीक प्रश्न विचारावे लागतात. पडण्याच्या आधी काय करीत होता? अंथरुणातून उठल्याउठल्या पडलात का? लघवीला जाताना की येताना? जमिनीला टेकल्याचे आठवते का? उठता न आल्याने किती वेळ तसेच पडून होता? या शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे, कारण तासन् तास फरशीवर पडून राहिल्यास दाबाखालचे स्नायू विघटित होऊन त्यातील द्रव्यांनी मूत्रपिंडाला इजा होते. मोडलेल्या हाडाच्या चित्रात हे कोठेच दिसत नाही. रात्री उठून जाताना झालेले पडणे अनेकदा रक्तदाबाच्या गोळीपाशी, 'पाणी कमी करण्याच्या' गोळीपाशी किंवा झोपेच्या गोळीपाशी जाऊन पोचते. उभे राहताच रक्तदाब उतरतो, पायाखालची फरशी मात्र कोरडीच असते.

घरची भाषाही येथे निर्दोष नाही. 'त्यांना बीपी आहे', 'त्यांना शुगर आहे' ही वाक्ये तर्कदृष्ट्या चमत्कारिक आहेत. रक्तदाब आणि रक्तशर्करा कोणाला नसते? मापनाचे नाव रोगाला मिळाले, आणि मापन आटोक्यात आले की रोग गेला असे वाटू लागले. 'काही आजार?' या प्रश्नाला 'नाही, सगळे नॉर्मल आहे, गोळ्या चालू आहेत' असे उत्तर येते ते यामुळेच. 'रक्त पातळ करण्याची गोळी' तर आजारांच्या यादीत येतच नाही, कारण ती गोळी आहे, आजार नव्हे. वस्तुतः डोक्याला मार लागलेल्या वृद्धाच्या बाबतीत प्रथम कळावयास हवी अशी ही गोष्ट. ती गोळी ॲस्पिरिन आहे, वॉरफरिन आहे की नव्या पिढीतील एखादे औषध आहे, यावर मेंदूत रक्तस्राव होण्याची धास्ती किती, तो थोपवावयाचा कसा, आणि शस्त्रक्रियेला किती थांबावयाचे, हे सारे अवलंबून असते. 'पातळ' या एका शब्दात हे सर्व भेद विरघळून जातात.

अंकांचेही असेच आहे. भाषेत चिन्हाचे मूल्य त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेवरून ठरते, हा विचार सोस्यूरनंतर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवा नाही; पण जखमीच्या नाडीवर हात ठेवताना तो विसरला जातो. वरचा रक्तदाब ११५ हा आकडा तिशीतल्या माणसात आश्वासक आहे. ज्याचा नेहमीचा दाब १७० आहे अशा पंचाहत्तरीच्या गृहस्थात तोच आकडा आतील रक्तस्रावाची सूचना असू शकतो. रक्त कमी झाले की नाडी धावू लागते, असे शिकविले जाते. परंतु 'बीटा ब्लॉकर' वर्गातील गोळी चालू असलेल्याची नाडी धावतच नाही. अमेरिकेतील क्षेत्रीय वर्गीकरणाच्या इ. स. २०११ च्या शिफारशींत ६५ वर्षांवरील जखमींसाठी ११० पेक्षा कमी दाब हा आघाताचा सूचक मानावा असे सांगितले गेले, ते याच जाणिवेतून. तरुणासाठी ९० हा आकडा वापरात होता. म्हणजे सहव्याधी ही दुखापतीच्या शेजारी बसलेली नसते. दुखापत ज्या लिपीत लिहिली जाते ती लिपीच तिने बदललेली असते.

शुद्धी मोजण्याचे प्रकरण भाषाशास्त्राच्या अधिकच जवळचे आहे. इ. स. १९७४ मध्ये टीझडेल व जेनेट यांनी सिद्ध केलेल्या ग्लासगो श्रेणीत बोलण्याच्या प्रतिसादाला ५ पर्यंत गुण आहेत. स्थळकाळाचे भान राखून बोलणाऱ्यास ५, गोंधळून बोलणाऱ्यास ४. मूळचाच स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धाचे ४ हे त्याचे रोजचे गुण असू शकतात, किंवा नव्या रक्तस्रावाचेही असू शकतात. कालपर्यंत ते कसे बोलत होते हे घरच्यांना विचारल्यावाचून उलगडा होत नाही. उलट बाजूही आहे. 'आज तारीख काय?' या प्रश्नाला एखादी ग्रामीण वृद्धा तिथी सांगेल, किंवा 'उद्या बाजाराचा दिवस' असे म्हणेल. कालाचे भान तिला आहे. ते निराळ्या पंचांगात आहे. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी इ. स. १९९५ च्या सुमारास गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदीत तयार केलेली मानसिक अवस्थेची चाचणी निरक्षर ग्रामीण वृद्धांना लागू पडावी अशा रीतीने मुद्दाम बदलली होती. अपघात विभागातील घाईत असा विवेक राहणे कठीण आहे, हे मान्य. पण वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या, कानाने कमी ऐकणाऱ्या आणि चष्मा घरी राहिलेल्या माणसाला प्रमाण मराठीत एकदाच विचारून 'गोंधळलेले' असा शेरा मारणे हे निदान नव्हे.

पारिभाषिक भाषेची ही तपासणी केल्यावर लोकभाषेकडे वळणे भाग आहे, कारण तिच्यात या प्रसंगासाठी एक फार जुनी संज्ञा आहे. म्हातारा माणूस पडून पुढे दोनचार महिन्यांत गेला म्हणजे मराठी माणूस म्हणतो, 'पडण्याचे निमित्त झाले.' दर्शनशास्त्रात घटाला माती हे उपादान आणि कुंभार हे निमित्त कारण. मराठी बोलीत 'निमित्त' या शब्दाचे वजन घटले. ते खरे कारण नव्हे, केवळ प्रसंग, असा त्याचा अर्थ झाला. आणि या घटलेल्या अर्थाने तो जखमी वृद्धाच्या बाबतीत केसपेपरापेक्षा अधिक जाणता ठरतो. उभ्या उंचीवरून पडून तरुणाचा खुबा मोडत नाही. मोडला, याचाच अर्थ उपादान आधीच झिजलेले होते. केसपेपर दुखापतीला विशेष्य करतो, बोली तिला निमित्त करते; देहातील क्रम बोलीने ओळखला आहे.

तथापि बोलीचे कौतुक येथेच थांबविले पाहिजे. 'निमित्त' हा शब्द सहसा माणूस गेल्यावर वापरला जातो, आणि जिवंतपणी वापरला तर त्याच्या पाठोपाठ 'वय झाले' हे वाक्य येते. 'या वयात आता शस्त्रक्रिया कशाला, सोसायची नाही' असे म्हणून घरी नेलेल्या वृद्धांची कथा त्याच शब्दाच्या पोटात आहे. निमित्ताला निमित्त म्हणणे हे निदान असू शकते. पण उपचाराच्या क्षणी ते माघार घेण्याचे निमित्त होते.

जुन्या शास्त्रकारांनी हा पेच कसा हाताळला हे पाहणे उद्बोधक आहे. अष्टांगांच्या गणनेत शल्य आणि जरा ही दोन निराळी अंगे आहेत, तरी सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील भग्नविषयक अध्यायात कष्टसाध्य भग्नांची जी गणना आहे तिच्यात हाडाचा चुरा झालेले भग्न आणि वृद्ध, कृश किंवा श्वासरोगी माणसाचे भग्न एकाच ओळीत येतात. हाड कसे मोडले आणि कोणाचे मोडले, हे दोन्ही भेद तेथे एकाच दर्जाचे आहेत. एक मुख्य व दुसरा सोबतचा असे नाही. चिकित्सास्थानात तर हाड जुळण्याचा काळही वयाप्रमाणे दिला आहे : पहिल्या वयात महिना, मध्यम वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट. हा आकडा आज कोणी प्रमाण मानू नये, आणि प्राचीनांना सर्व ठाऊक होते असा सूर लावण्याचेही कारण नाही. वाक्यरचना तेवढी लक्षात घ्यावी. तेथे वृद्धत्व हे उपचार न करण्याचे कारण म्हणून येत नाही. कष्ट किती आणि काळ किती, याचे मान म्हणून येते. चरकाने 'उपद्रव' ही संज्ञा रोगानंतर, रोगाच्या आश्रयाने उद्भवणाऱ्या विकारासाठी राखून ठेवली आहे, हाही भेद मोलाचा आहे. आधीपासून असलेला हृद्रोग आणि खाटेवर पडून राहिल्याने झालेला न्यूमोनिया यांना आजच्या मराठी बातम्यांत सरसकट 'सहव्याधी' म्हटले जाते. पहिला दुखापतीच्या आधीचा आहे. दुसरा बव्हंशी टाळता येण्याजोगा असतो, आणि त्याला 'सह' म्हटल्याने तो टाळण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

या टाळता येण्याजोग्या विकारांच्या संदर्भात 'पडणे' हे मराठी क्रियापद विलक्षण सूचक आहे. 'बाबा पडले' ही घटना. 'बाबा पडून आहेत' ही अवस्था. धातू एकच. खुबा मोडलेल्या वृद्धाला खरा धोका या दोन वाक्यांमधल्या अंतरात असतो : फुप्फुसांत कफ साचणे, पाठीला शय्याव्रण होणे, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी धरणे, स्नायू गळणे, आणि 'वातात बरळणे' या शब्दांनी मराठी जे ओळखते तो तीव्र मनोभ्रम. हे अंतर तोडण्याचा मार्ग इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे अस्थिशल्यज्ञ मायकेल डेव्हास आणि वृद्धवैद्यकाचे तज्ज्ञ अर्विन यांनी गेल्या शतकाच्या मध्यानंतर दाखविला. दोघांनी मिळून एकाच कक्षात रुग्ण पाहावयाचे, शस्त्रक्रिया करावयाची ती दुसऱ्या दिवशी पायावर भार देऊन उभे राहता यावे अशी, आणि हाड जुळण्याच्या नव्हे तर माणूस घरी चालू लागण्याच्या हिशेबाने. डेव्हास यांचा या विषयावरील ग्रंथ इ. स. १९७७ मध्ये निघाला. पुढे ब्रिटनमध्ये इ. स. २००७ पासून खुब्याच्या भंगाची राष्ट्रीय नोंद सुरू झाली आणि संयुक्त देखभाल ही अपेक्षित पद्धत ठरली. एका कक्षात दोन तज्ज्ञ, हे 'सह' या उपसर्गाचे सहोदर-अर्थाने केलेले भाषांतरच होय.

आपल्याकडे मात्र या दोन तज्ज्ञांमध्ये एक कागद फिरतो, आणि त्याचे नाव 'फिटनेस'. 'फिजिशियनचा फिटनेस मिळाला नाही, म्हणून ऑपरेशन थांबले' हे वाक्य रुग्णालयाच्या व्हरांड्यात नेहमी ऐकू येते. हा शब्द प्रश्नाला होय-नाही असे रूप देतो. पंचाऐंशी वर्षांचा, हृदय थकलेला माणूस 'फिट' कसा असणार? आणि नसल्यास कशाची वाट पाहावयाची? ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या इ. स. २०११ च्या मार्गदर्शिकेत शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी असे सांगून, तिला विलंब होऊ नये म्हणून ताबडतोब सुधारावयाच्या गोष्टी दिल्या आहेत : रक्तक्षय, रक्त गोठण्यातील दोष, शरीरातील पाण्याची व क्षारांची तूट, अनियंत्रित मधुमेह, हृदयाची सुधारता येणारी अनियमित गती, छातीचा संसर्ग इत्यादी. तेथे सहव्याधी हा अडथळा नाही, ते काही तासांत करावयाचे काम आहे. केवळ घाईने सर्व साधते असेही नव्हे. इ. स. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिप अटॅक' या १७ देशांतील, २,९७० रुग्णांच्या चाचणीत निदानानंतर सुमारे ६ तासांत आणि सुमारे २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्या गटांची तुलना झाली. ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ९ व १० टक्के, म्हणजे लक्षणीय फरक नाही. पण लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत मनोभ्रम कमी आढळला आणि ते लवकर उभे राहिले. 'फिटनेस'साठी दिवसामागून दिवस खाटेवर ठेवण्याचे समर्थन मात्र यातून मिळत नाही.

घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदाचा विचार बहुधा कोणी करत नाही. तो इंग्रजीत असतो. त्यात कोणते रोपण बसविले ते तपशिलाने असते. हाडांच्या ठिसूळपणावर काय द्यावयाचे, रक्तदाबाची कोणती गोळी कमी केली, रात्रीच्या दिव्याचे आणि न्हाणीघरातील दांडीचे काय, हे क्वचित असते. 'पायावर पूर्ण भार देऊन वॉकरने चालवावे' ही त्यातील सूचना दारापर्यंत येईतो 'जरा जपा, फार चालू देऊ नका' अशी होते. 'जपणे' हे क्रियापद मराठीत मायेचे आहे. मुले आणि सुना ते मनापासून पाळतात. आजींना उठू देत नाहीत, पाणी हातात देतात, भांडे खाटेखाली ठेवतात. दोन महिन्यांनी तपासणीला आलेल्या चित्रात हाड उत्तम जुळलेले असते, आणि आजी पडून असतात.